संप दराचा, संप दर्जाचा

जर्मनीत संपाची बातमी हवामानाच्या अंदाजासारखी येते. शुक्रवारी पहाटेपासून ट्राम बंद, शनिवारी पहाटे पूर्ववत. मोबाईलवर सूचना येते, लोक सायकली बाहेर काढतात, आणि शनिवारी खरोखरच ट्राम धावते. 2 फेब्रुवारी 2024 रोजी अशीच शहरी वाहतूक थांबली. 'वेर्डी' या सेवाक्षेत्रातल्या संघटनेने ऐंशीहून अधिक शहरांतल्या सुमारे 90 हजार कर्मचाऱ्यांना हाक दिली होती. मी शिकतो ते स्टुटगार्टही त्यात होतं. फक्त बव्हेरिया राज्य या संपाबाहेर होतं. तिथले कामगार समाधानी होते म्हणून नव्हे, तर तिथल्या वेतनकराराची मुदत अजून संपली नव्हती म्हणून.

90 हजार हा आकडा सांगली जिल्ह्यातल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो. आपल्या एसटीचे कर्मचारी साधारण तेवढेच. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांचा संप सुरू झाला आणि तो थेट पुढच्या एप्रिलमध्ये, उच्च न्यायालयाने कामावर हजर व्हायला 22 एप्रिलची मुदत दिल्यावर मिटला. त्या काळात आमच्या भागातली पोरं वडापच्या जीपला लोंबकळत कॉलेजला जात होती, आणि ज्यांच्या गावाला वडापही नव्हतं, त्यातल्या काही मुलींचं कॉलेज तेवढ्यात सुटलं ते सुटलंच. एकीकडे एक दिवस, दुसरीकडे पाच महिने. यावरून 'जर्मन माणूस शिस्तीचा आणि आपण बेशिस्त' असा निष्कर्ष काढणं अगदी सोपं आहे. इथले आपले बरेच विद्यार्थी तो काढतातही. मला तो पटत नाही.

एसटीच्या संपातली एक गोष्ट लोक विसरतात. 24 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे संप ऐन भरात असताना, राज्य सरकारने पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांच्या आतल्या कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनात 5 हजारांची, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना 4 हजारांची, त्यापुढच्यांना अडीच हजारांची. महामंडळाच्या इतिहासात एवढी वाढ एका फटक्यात क्वचितच झाली असेल. तरी बहुसंख्य कर्मचारी कामावर गेले नाहीत. त्यांना विलीनीकरण हवं होतं: महामंडळाचे नोकर न राहता राज्य सरकारचे कर्मचारी व्हायचं होतं. पगार किती यापेक्षा तो महिन्याच्या महिन्याला येईल का, आणि तो देणारा कोण, हा त्यांचा प्रश्न होता. पगार रखडून कर्जात बुडालेल्या अनेक कर्मचाऱ्यांनी तोवर जीव दिला होता.

जर्मनीतला संप पगाराच्या दरासाठी असतो आणि आपल्याकडचा दर्जासाठी. कायम करा, सरकारात घ्या, संघटनेला मान्यता द्या, 'कर्मचारी' म्हणा. महाराष्ट्रातले गेल्या चाळीस वर्षांतले मोठे संप आठवून पाहा, मागण्यांच्या यादीत यातलं काहीतरी वरच्या ओळीत सापडेल. अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर 2023 पासून जवळजवळ पावणेदोन महिने संप केला. त्यांना सरकार वेतन देत नाही, मानधन देतं, कारण कागदोपत्री त्या स्वयंसेविका. त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सांगायलाही 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. दरावर घासाघीस होऊ शकते, पाचऐवजी तीन टक्क्यांवर तडजोड होऊ शकते. दर्जावर तडजोड कशी करणार? अर्धा माणूस कायम कसा करणार? म्हणून असे संप लांबतात, चिघळतात आणि बहुतेक वेळा कोर्टात जाऊन संपतात.

जर्मनीतली व्यवस्था समजायला तिचा कणा समजला पाहिजे, आणि तो म्हणजे वेतनकरार. संघटना आणि मालकांचा संघ वर्ष-दोन वर्षांसाठी करार करतात. त्यात पगार, तास, रजा, रात्रपाळीचा भत्ता सगळं येतं. कराराची मुदत चालू असताना त्यातल्या विषयांवर संप करता येत नाही. याला 'शांततेचं बंधन' म्हणतात. मुदत संपली की वाटाघाटी, वाटाघाटी अडल्या की काही तासांचा किंवा एका दिवसाचा इशारा-संप, आणि तेही निष्फळ ठरले तर सभासदांचं गुप्त मतदान. बेमुदत संपासाठी बहुतेक संघटनांच्या नियमांनुसार 75 टक्के सभासदांचा कौल लागतो. सरकार या सगळ्यात कुठेच नसतं, ते स्वतः मालक असेल तेवढ्याच ठिकाणी असतं. मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर बैठक, मध्यस्थीला पालकमंत्री, उपोषण सोडवायला लिंबूपाणी, असला प्रकार इथे नाही.

आणि दुसरा कणा पैशाचा. वेर्डी किंवा 'आयजी मेटाल' या धातुउद्योगातल्या संघटनेची वर्गणी ढोबळ पगाराच्या एक टक्का. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. त्यातून संपनिधी उभा राहतो आणि संपात सभासदाला रोजचा भत्ता मिळतो. स्टुटगार्टच्या बाजारचौकात एका इशारा-संपाच्या सभेला मी गेलो होतो. पिवळी जाकिटं, शिट्ट्या, ब्रेडमध्ये घातलेले सॉसेज. पण सगळ्यात लांब रांग होती ती एका घडीच्या टेबलापुढे: संपावर असल्याची नोंद करून घ्यायची, कारण नोंद नाही तर भत्ता नाही. टेबलामागची बाई प्रत्येकाचं सभासद कार्ड पाहत होती आणि ते नसलेल्याला तिथल्या तिथे अर्ज देत होती. दुपारी एकच्या सुमारास चौक झाडून स्वच्छ. आपल्याकडच्या गेटसभेची ऊब त्यात नव्हती हे खरं, पण गेटसभेत मी असं टेबल कधी पाहिलं नाही.

इथे आजारी पडलं तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. माझ्यासारख्या विद्यापीठात तासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही. फ्लूने झोपलो होतो त्या आठवड्याचे पैसे पगारपत्रकात दिसले तेव्हा मला ती चूक वाटली होती. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने सांगितलं, हे आम्हाला कुणी फुकट दिलेलं नाही, कीलच्या गोदी कामगारांना विचार.

विचारायला ते आता नाहीत, पण गोष्ट नोंदलेली आहे. 1956 साली पश्चिम जर्मनीत कचेरीतला कारकून आजारी पडला तर त्याला सहा आठवडे पूर्ण पगार मिळे. त्याच कारखान्यातला कामगार आजारी पडला तर पहिले तीन दिवस काहीच नाही, आणि पुढे विमा संस्थेकडून पगाराच्या निम्म्याच्या आसपास. 24 ऑक्टोबर 1956 रोजी उत्तरेकडच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यात आयजी मेटालने या भेदाविरुद्ध संप पुकारला. कील, फ्लेन्सबुर्ग, ल्युबेकच्या जहाजगोद्या थांबल्या. सुमारे 34 हजार कामगार सोळा आठवडे, भर हिवाळ्यात, बाहेर राहिले. तडजोडीचा पहिला मसुदा त्यांनी मतदानात जवळजवळ एकमुखाने फेटाळला, दुसरा तीन चतुर्थांशांहून थोड्या अधिक मतांनी. तिसऱ्या वेळी फेटाळणारे अजूनही बहुमतात होते, पण संप चालू ठेवायला लागणारे 75 टक्के भरले नाहीत. म्हणून नियमाप्रमाणे फेब्रुवारी 1957 मध्ये संप संपला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून कामगारांची स्थिती सुधारली, आणि 1970 पासून कारकून-कामगार हा भेदच या बाबतीत मिटला. संघटनेला त्याची किंमतही मोजावी लागली: मतदान फार लवकर घेऊन शांततेचं बंधन मोडलं, असा ठपका ठेवून संघराज्याच्या कामगार न्यायालयाने 1958 साली तिला नुकसानभरपाईला जबाबदार धरलं.

हा संप दराचा नव्हता. दर्जाचा होता. म्हणजे इथेही एके काळी तीच लढाई होती, ती लढून झाली, आणि मग दीड-दोन टक्क्यांसाठी एका दिवसाचे नीटनेटके संप करण्याची चैन परवडू लागली.

आता आपला 1982 चा संप त्याच्या शेजारी ठेवू. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली काम बंद केलं. सुरुवात बोनसच्या असंतोषातून झाली होती, पण खरा अडसर 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हा होता. त्यानुसार एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना, बोलणी फक्त तिच्याशी. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मोठ्या संख्येने सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या नजरेत सामंत कुणीच नव्हते. मालक म्हणाले, आम्ही तुमच्याशी बोलूच शकत नाही. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. संपनिधी नव्हता. गावाकडची भात-नाचणी आणि बायकांच्या खाणावळी यांवर गिरणगाव तगलं, आणि कोकण, सातारा, कोल्हापूरकडे माणसांचे लोंढे परतले. लाखाच्या वर माणसांची नोकरी गेली. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो मागे घ्यायचा की नाही यावर मतदान घेण्याची रीतच नव्हती. कीलच्या कामगारांनी हरत असतानाही संप स्वतःच्या मतांनी संपवला. लालबाग-परळच्या कामगारांना ती संधीही कुणी दिली नाही. सामंतांच्या हटवादीपणावर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी आधी कायद्यावर ठेवीन.

स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनीशहरं आहेत. पण मला दोन्हीकडची गाठ जास्त दिसते ती 1976 या वर्षात. त्या वर्षी पश्चिम जर्मनीने सहनिर्णय कायदा केला. दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या. मत समसमान पडलं तर अध्यक्षाचं, म्हणजे व्यवहारात भांडवलदारांच्या बाजूचं, जादा मत. त्याच वर्षी भारतात 42 वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीतली ही दुरुस्ती आपल्याला वेगळ्या कारणांसाठी आठवते, पण तिने कलम 43 अ हेही घातलं: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग देण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत. फरक एवढाच की जर्मनीत तो कायदा झाला आणि आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्व. मार्गदर्शक तत्त्व मोडलं म्हणून कोर्टात जाता येत नाही.

ते न झाल्याचा परिणाम चाकणला दिसला. 2013 च्या पावसाळ्यात बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवसांचा संप झाला. त्यात एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 समभाग एक रुपया दराने द्यावेत. तेव्हा लोक हसले. पण विचार करा, मंडळात खुर्ची मिळण्याचा रस्ताच नसेल तर नफ्यात वाटा मागायला कामगाराने दुसरं काय मागायचं? समभाग मिळाले नाहीत. उलट फोक्सवागनमध्ये डिसेंबर 2024 मध्ये 35 हजार नोकऱ्या 2030 पर्यंत कमी करायचं ठरलं, ते कामगार प्रतिनिधींशी करार करून, आणि जर्मनीतला कोणताही कारखाना तूर्त बंद न करण्याच्या बोलीवर. नोकऱ्या गेल्याच. पण कुणाच्या, कशा, किती वर्षांत, यावर कामगारांची सही आहे.

या शिस्तीची किंमत जर्मन कामगार देतो, आणि ती आपल्याला सहसा दिसत नाही. इथे राजकीय संप बेकायदा. सरकारच्या धोरणाविरुद्ध कामगारांनी काम बंद करायचं नाही, शनिवारी मोर्चा काढायचा. यातली विसंगती स्टुटगार्टला चांगली ठाऊक असायला हवी. मार्च 1920 मध्ये बर्लिनमध्ये काप नावाच्या माणसाने लष्कराच्या तुकड्या घेऊन सत्ता बळकावली, तेव्हा पळालेल्या सरकारने आसरा घेतला तो याच शहरात, आणि प्रजासत्ताक वाचवलं ते देशभरच्या सार्वत्रिक संपाने. मुंबईच्या कामगारांनी त्याआधी बारा वर्षं, जुलै 1908 मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. भारतातला कामगार वर्गाचा तो पहिला मोठा राजकीय संप. त्यात पगाराचा प्रश्नच नव्हता. तसा संप आज जर्मनीत केला तर मालक नुकसानभरपाई मागू शकतो.

संघटनेने न पुकारलेला संपही बेकायदा. 2021 मध्ये बर्लिनच्या 'गोरिलाज' या किराणा पोचवणाऱ्या कंपनीतल्या सायकलस्वारांनी असे संप केले. त्यात परदेशी विद्यार्थी आणि स्थलांतरित पुष्कळ होते. शेकडो जणांना कामावरून काढण्यात आलं. सरकारी सेवेतल्या 'बेआम्टे' वर्गाला, म्हणजे बहुतेक शिक्षकांनाही, संपाचा हक्क नाही, आणि 2023 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ही बंदी उचलून धरली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली तमिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात जवळपास हेच म्हटलं होतं. आणि ज्यांच्याकडे करारच नाही त्यांचं काय, हे 2023 मध्ये डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउजेन इथल्या महामार्गावरच्या थांब्यावर दिसलं. थकलेल्या पगारासाठी जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या ट्रकचालकांनी तिथे ट्रक उभे केले, आणि ते सोडवायला पोलंडचा मालक खासगी सुरक्षारक्षकांची टोळी आणि चिलखती गाडी घेऊन आला. जर्मन पोलिसांनी टोळीला ताब्यात घेतलं. पण पगार मिळायला संप, आणि पुढच्या फेरीत उपोषणही करावं लागलं. व्यवस्थेबाहेरचा माणूस इथेही चाकणच्या कंत्राटी पोराइतकाच उघड्यावर असतो.

पगाराची तुलना करताना आपली मुलं युरोला शंभराच्या आसपास गुणतात आणि डोळे विस्फारतात. तो हिशेब सोडून द्यावा. इथे संपूर्ण देशाला एकच किमान वेतन आहे: 2015 मध्ये तासाला 8.50 युरो, 2026 मध्ये 13.90. भाकरीच्या दुकानातल्या मुलीलाही तो आकडा पाठ असतो, आणि म्हणूनच तो मोडला तर कळतं. महाराष्ट्रात साठहून अधिक उद्योगांची वेगवेगळी अनुसूची, त्यात कुशल-अर्धकुशल-अकुशल, त्यात परिमंडळं, वर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराला आपलं किमान वेतन किती, हे कोण सांगणार? त्याच्या मालकालाही ते सांगता येणार नाही.

आम्हा विद्यार्थी मदतनिसांची गोष्टही दर आणि दर्जा यांचीच आहे. बर्लिनमध्ये विद्यार्थी कर्मचाऱ्यांना स्वतंत्र वेतनकरार अनेक दशकांपासून आहे. बाकी राज्यांतल्या मुलांनी तो मागत 2023 मध्ये आंदोलन केलं. डिसेंबरच्या समझोत्यात राज्यांनी किमान दर मान्य केला, 2025 च्या उन्हाळी सत्रापासून तासाला 13.98 युरो, आणि कंत्राट शक्यतो वर्षाचं. करार मात्र नाकारला. दर दिला, दर्जा नाही दिला. हे वाचताना मला एसटीचा वाहक आठवल्याशिवाय राहिला नाही.

आपल्याकडे दर्जाचा प्रश्न सोडवणारं काही सुचलंच नाही असं मात्र नाही. 1969 चा माथाडी कायदा अस्सल मराठी मातीतला आहे. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या हमालांना कुठला एक मालक नव्हता, आज हा गाळा, उद्या तो. कायद्याने माथाडी मंडळं स्थापली. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि त्यावर व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना. घरपोच जेवण देणाऱ्या पोरांच्या हक्कांवर आज युरोपात परिषदा भरतात तेव्हा मला वाटतं, वाशीच्या बाजार समितीत येऊन बघा, यातलं बरंच आम्ही अर्ध्या शतकापूर्वी केलं आहे. पुढे आम्हीच ते जपलं नाही, हा भाग निराळा.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. संपाआधी आता सगळ्याच उद्योगांत 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तरी तो संप धरला जातो. नोटिशीचा भाग जर्मन शिस्तीसारखा दिसतो. पण त्या शिस्तीच्या मागचं वेतनकराराचं जाळं, संपनिधी, मंडळातली खुर्ची यातलं काही बरोबर आलेलं नाही. 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेशी मालकाने बोलणी करायची, ही तरतूद मात्र 1982 च्या गिरणगावाला हवी होती. ती कागदावर राहते की चाकण-रांजणगावात उतरते, यावर या संहितांची किंमत ठरेल.

इथे येणाऱ्या मुलांना एकच सांगणं आहे. जर्मन संसदेसाठी तुम्हाला मत नाही, पण कारखान्यातल्या किंवा कंपनीतल्या कामगार मंडळाच्या निवडणुकीत आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. पाच कर्मचारी असतील तिथे असं मंडळ निवडता येतं आणि ही निवडणूक दर चार वर्षांनी मार्च ते मे दरम्यान होते. पार्टटाइम असाल तरी मतदार यादीत नाव आहे का पाहा, आणि मत द्या.